साळूबाची खोली

करंजदरा, ता. आंबेगाव
सोमवार, २७ नोव्हेंबर २०२३

सावळाराम, तुला हौशीरामचा रामराम.

मुंबईच्या खोलीत उतरायचं तर गावातल्या जाणत्याची हातची चिठ्ठी लागते, म्हणून लिहायला बसलोय. आमच्या घरचं एक माणूस येत्या रविवारी मुंबईला येतंय. मोठ्या दवाखान्यात रक्तपेढीचं काम शिकायला नंबर लागलाय. आधी वेटिंगला व्हता. आज सकाळी फोन आला की सोमवारी आठच्या ठोक्याला हजर व्हा, न्हाईतर पुढच्याला बोलावतो. होस्टेलची खाट चौदा तारखेला मोकळी होणार. म्हणजे मधल्या अकरा रात्रींची सोय बघायची आहे.

माणूस वरल्या आळीचं, खुद्द माझ्या घरचं. खाणं कमी, बोलणं बेताचं, घोरत नाही. आणखी काय पाहिजे?

पत्र जानकूच्या भाजीच्या टेम्पोनं धाडतोय. तो वाशीच्या मार्केटात आपल्या गोकुळच्या हातात देईल आणि गोकुळ संध्याकाळी खोलीवर आणील. उत्तर त्याच वाटेनं दे. फोन करणार व्हतो, पण तुला अर्धं ऐकू येतं आणि आमच्याकडं अर्धी रेंज येते. मग पदरात काय पडणार.

हौशीराम

*

दाणाबंदर, मुंबई
मंगळवार, २८ नोव्हेंबर

हौशीरामभाऊ,

चिठ्ठी पोचली. तुझं अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीनं माती उकरल्यागत. पण वाचता आलं.

तू पाठवतोयस तो धाकटा नातू भरत असणार. पाठव. सध्या खोलीत आम्ही सहा जण आहोत. पाच जण वाशीला माथाडीत, आणि मी रिटायर, म्हणून किल्ली माझ्याकडं. सातव्याला खिडकीखालची जागा देऊ. त्याला नेम समजावून सांग, कारण हल्लीच्या पोरांना फुकट मिळालं की नेम दिसत नाहीत. आपलं ताट आपण घासायचं. पाणी पहाटे साडेचार ते साडेपाच, तेवढ्यात अंघोळ उरकायची. दाढीचं सामान आणू नको म्हणावं, खाली न्हावी बसतो. शिकत असला तर दिवा दहापर्यंत चालेल.

तुला ठाऊक आहेच, पण पोराला सांग की मुंबईत आज एका रात्रीच्या साध्या खाटेला लोक हजार रुपये मोजतात, आणि त्यात ढेकूण. परवा खालच्या दुकानात सोलापूरकडचा एक गृहस्थ पोराची परीक्षा म्हणून जागा शोधत फिरत होता, शेवटी स्टेशनात बसून राहिला. आपल्या साळूबानं शंभर वर्षांपूर्वी ही खोली धरून ठेवली म्हणून करंजदऱ्याच्या माणसाला ती वेळ येत नाही. आत आल्यावर दाराच्या पाटीला नमस्कार करूनच सामान टेकवायचं, हा पहिला नेम.

सावळाराम

*

करंजदरा
बुधवार, २९ नोव्हेंबर

सावळाराम आबा,

तुम्हाला माझा नमस्कार. मी हौशीरामची नात वैजयंती. रक्तपेढीत नंबर लागलाय तो माझा. भरत अजून अकरावीत आहे आणि त्याला रक्त बघितलं की घेरी येते.

तुमचं पत्र आजोबांनी मोठ्यानं वाचलं, आणि दाढीच्या सामानापाशी थांबले. मी विचारलं, तुम्ही चिठ्ठीत मी मुलगी असल्याचं लिहिलं नाहीत का? म्हणाले, 'मी माणूस येतंय असं लिवलं. खोटं काय लिवलं?' मग चहा घेऊन ओट्यावर जाऊन बसले. आबा, त्यांना रागावू नका. खोलीत बाईमाणूस चालत नाही हे त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं. मला लपून यायचं नाही, म्हणून हे पत्र.

खोली मिळतेय न मिळतेय म्हणून मी दोन दिवस मंदिरामागच्या खडकावर उभी राहून फोन करतेय, रेंज तिथंच येते. लेडीज होस्टेल जानेवारीपर्यंत भरलेली आहेत. पीजीवाल्या बाई तीन महिन्यांचं डिपॉझिट मागतात, अकरा दिवसांसाठी म्हटलं तर फोन ठेवतात. एका लॉजवाल्यानं दोन हजार सांगितले आणि 'बरोबर कोण आहे?' असं विचारलं. एकटीच म्हटल्यावर रूम नाही म्हणाला. नात्यात मुंबईला कोणी नाही. सोमवारी आठला पोचले नाही तर जागा गेली, आणि बी.एस्सी. होऊन दीड वर्ष मी घोडेगावला झेरॉक्सच्या दुकानात बसतेय. ही जागा मला हवी आहे. फार हवी आहे.

तुमच्या नेमात काय शब्द आहेत ते तुमच्याच पत्रात वाचलं. 'करंजदऱ्याच्या माणसाला.' बाईमाणूस या शब्दात माणूस आहेच की. हा वाद घालायचा तर घालू, पण माझ्या डोक्यात दुसरंच घुमतंय. बायका नकोत हा नेम केला कोणी? आणि हा साळूबा कोणाच्या घरातला? वरली आळी, खालची आळी, ठाकरवाडी, सगळी घरं मी मोजली. साळूबाचं घर कुठलं ते आजोबांनाही सांगता येईना.

वैजयंती

*

दाणाबंदर
गुरुवार, ३० नोव्हेंबर

चि. वैजयंती,

पोरी, तुझं पत्र गोकुळनं वाचून दाखवलं आणि नंतर मी चष्मा लावून पुन्हा वाचलं. खरं सांगितलंस हे चांगलं केलंस. तुझ्या आजोबाला सांग की हौशीराम, तू वीस वर्षं याच खोलीत राहिलास आणि मला माणूस शिकवतोस होय.

पण नेम माझ्या हातात नाही. मी किल्लीचा धनी, खोलीचा नाही. हा नेम खुद्द साळूबाचा. त्याची गोष्ट आम्हाला आल्या दिवशी सांगितली ती अशी. साळूबा करंजदऱ्याचा पैलवान. दाणाबंदरात दोन गोण्या दोन बगलांत धरून जिना चढायचा. मिशा एवढ्या, की जेवताना एक जण धरायला लागायचा. मारुतीचा भक्त आणि जन्माचा ब्रह्मचारी. बाईची सावली खोलीत पडू नये असं सांगून गेला. दाराच्या वर आतल्या बाजूला त्याच्या नावाची लाकडी पाटी आहे, 'साळुबा' अशी पिवळ्या रंगात. दर दसऱ्याला आम्ही तिला हार घालतो. मी स्वतः एकावन्न दसरे घातला.

तू विचारलंस त्याचं घर कुठलं. मला ते कधी सुचलंच नाही बघ. काल रात्री जेवताना मी सगळ्यांना विचारलं. एक म्हणाला खालच्या आळीचा, एक म्हणाला ठाकरवाडीचा, आणि गोकुळ म्हणाला, 'ब्रह्मचारी व्हता ना, मग घर बुडालं आसंल.' हेही पटण्यासारखं आहे. तरी आता मला ते खुपायला लागलंय. गावात म्हातारीकोतारी असतील त्यांना विचार आणि मला कळव.

जागेचं मात्र जमणार नाही. दादरला बायकांची एक धर्मशाळा ऐकून होतो, आज गोकुळला मुद्दाम पाठवलं. ती पाडून टॉवर चाललाय. मला वाईट वाटतं. तुझ्या वयाचं मूल गावातून पहिल्यांदा असलं काम शिकायला येतंय, आणि माझ्या हातात किल्ली असून मी नाही म्हणतोय.

सावळाराम

*

करंजदरा
शुक्रवार, १ डिसेंबर

सावळाराम आबा,

घाईत लिहितेय, जानकूकाका टेम्पो चालू करून बसलेत.

तुमचं पत्र आल्यावर मी आजीला विचारलं. चिमाबाई, माझी आजी, तुम्ही तिला वहिनी म्हणता. ती नाचणी पाखडत होती. म्हणाली, 'साळूबा कोन न्हाई आपल्यात. साळुबाईचं टाकं हाय, वरल्या झऱ्यावं.' आबा, त्या टाक्याचं पाणी मी लहानपणापासून पितेय. त्याला साळुबाईचं टाकं का म्हणतात हे मी एकदाही विचारलं नव्हतं. नाव होतं, एवढंच.

मी आणि आजोबा लगेच वर गेलो. टाक्याच्या तोंडाशी एक दगड आहे, त्यावर बायका घागर टेकवतात. शेवाळ खरवडायला विळा आणि नारळाची काथ लागली. खाली अक्षरं निघाली. ती जशी आहेत तशी लिहिते:

'साळुबाई भ्रतार कोंडाजी, खानावळवाली, दाणाबंदर मुंबई, हिने बांधिले. शके १८५१.'

आजोबांनी बोटानं एकेक अक्षर चाचपलं. भ्रतार म्हणजे नवरा, जुन्या दगडांवर बाईच्या नावापुढं असं लिहितात, हे त्यांनीच सांगितलं. घरी आल्यावर आजीनं तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगितलं. साळुबाईचा नवरा पटकीनं गेला. दिरांनी वावर घेतलं. ती चालत घाट उतरून मुंबईला गेली आणि गोदीतल्या गावकऱ्यांना भाकरी करून घालायला लागली. पुढं काय झालं ते आजीच्या सासूला माहीत नव्हतं.

मला वाटतं ते तुमच्या पाटीला माहीत असेल. पाटी नीट बघाल का? 'साळुबा'च्या पुढं काय आहे?

मी रविवारी दुपारच्या गाडीनं निघणार आहे. जागा मिळाली नाही तरी निघणार. स्टेशनात बसेन, सोलापूरकडच्या त्या काकांसारखी, पण आठला हजर राहीन.

वैजयंती

*

दाणाबंदर
शनिवार, २ डिसेंबर

चि. वैजयंती,

'साळुबा'च्या पुढं जुन्या वीजमीटरची पेटी आहे. मीटर खाली जिन्यात गेले त्याला तीस वर्षं झाली, पेटी राहिली. आम्ही तिच्यात साबण ठेवतो.

तुझं पत्र गोकुळनं काल रात्री आणलं. आज मी त्याला कामावर जाऊ दिलं नाही. पक्कड आणून पेटी काढली. स्क्रू गंजलेले, भिंतीचा पोपडा ताटात पडला. पेटीमागं पाटी पुढं चाललेली. पिवळा रंग तिथं काल लावल्यासारखा ताजा. 'ई'. आणि पुढं 'खानावळ'.

मी ते मोठ्यानं वाचलं. मग गोकुळ म्हणाला, 'आबा, मंग त्या मिशा कुनाच्या?'

पोरी, मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ लाज वाटली. एकावन्न वर्षं मी एका बाईला हार घातला आणि बाईला आत येऊ नको म्हणून सांगितलं. आता विचार केला की सगळं दिसतं. मोरीजवळ चूल लावायचा कट्टा आहे, पैलवानाला एवढा मोठा कट्टा कशाला लागतो? भिंतीत पाटा बसवलेला आहे. रोज त्यावर पाय ठेवून आम्ही माळ्यावर चढतो. कोणी विचारलं नाही. पहिल्यांदा कोणीतरी पेटी ठोकली, पुढच्यानं उरलेलं नाव वाचलं, त्याच्या पुढच्यानं मिशा लावल्या.

संध्याकाळी सगळे आल्यावर बैठक घेतली. बाईनं धरलेली खोली आहे, तेव्हा बाईला नाही म्हणायचं आपल्याला तोंड नाही, असं मी सांगितलं. त्यावर कोणी वाद घातला नाही. तरी सगळे चुळबुळत होते. शेवटी खरी अडचण बाहेर आली. ती ब्रह्मचर्याची नव्हतीच. ज्ञानेश्वर म्हणून आमच्यातला सगळ्यात थोराड गडी आहे, तो खाली बघत म्हणाला, 'पोरगी आल्यावं लुंगीवं कसं बसायचं?' शंभर वर्षांचा नेम त्या लुंगीवर उभा होता.

तर ठरलं ते असं. पोटमाळा तुझा, त्याला पडदा लावलाय आणि आतून कडी बसवली. पहाटेचं पाणी पहिला अर्धा तास तुझं, आम्ही तोवर खाली चहाला जाऊ. सगळ्यांनी ट्रंकेतले पायजमे बाहेर काढलेत. ताट मात्र तुझं तू घासायचं.

जानकू परत निघायच्या बेतात आहे, म्हणून गोकुळ हे पत्र घेऊन स्वतः वाशीला पळतोय. उद्या तो तुला स्टँडवर घ्यायला येईल. त्याच्या हातात साबणाची ती पेटी असेल, ओळखायला बरी.

सावळाराम

*

दाणाबंदर
शुक्रवार, १५ डिसेंबर

हौशीरामभाऊ,

पोरगी काल होस्टेलला गेली. बारा दिवस माणसं हळू बोलत होती, आता पुन्हा ओरडायला लागली. पोटमाळ्याचा पडदा मी काढलेला नाही.

पहिल्या दिवशी ती सोमवारी सव्वासातलाच दवाखान्याच्या दारात उभी होती, गोकुळ सोडून आला. संध्याकाळी येऊन तिनं आमच्या सगळ्यांच्या बोटाला सुई टोचली, सरावाला म्हणून. ज्ञानेश्वर दोनशे किलोचा हातगाडा ओढतो, तो सुई बघून जिन्यात पळाला. माझा रक्तगट 'बी' निघाला. एकाहत्तर वर्षं तो माझ्यात होता आणि मला ठाऊक नव्हता.

फार विचारायची रे तुझी नात. हा खिळा कशाला, ही खूण कसली. उत्तर नसलं की आम्हीच शोधायला लागायचो. एक उत्तर मात्र मला येत होतं. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातली भिंत काळवंडलेली आहे, ती का, असं तिनं विचारलं. मी सांगितलं की तुझ्या आजोबाला कावीळ झाली तेव्हा तो सत्तावीस दिवस तिथं पडून होता, आणि दहाला दिवा बंद झाला की त्याच्या उशाशी आम्ही रात्रभर कंदील ठेवायचो. तू तिला हे कधी सांगितलं नाहीस म्हणे. बरा झालास, तेव्हा सांगायला हरकत नव्हती.

गावकीला कळव की चिठ्ठ्या आता बायकांच्याही चालतील. पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखव.

सावळाराम

*

करंजदरा
सोमवार, २५ डिसेंबर

सावळाराम आबा,

मी नाताळच्या सुट्टीला घरी आले आहे. आजोबांनी तुमचं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. आजी तेव्हापासून माझी वाट बघत होती म्हणे, कारण तिला लिहिता येत नाही आणि हे आजोबांकडून लिहून घ्यायचं नव्हतं. ते आज घोडेगावला बाजाराला गेलेत. ती बोलतेय तसंच उतरवते.

वैजयंती

सावळाराम भावजी, मी चिमा.

तुमी कोपऱ्याचं लिवलं. मला ठावं व्हतं. ह्यांना कावीळ झाली ही चिठ्ठी आली तवा मी बावीस वरसांची व्हते. मामंजी म्हनलं, बाईमानसाला तिथं थारा न्हाई, तू जाऊन काय करशील. मी उठले. वैदूकडनं काविळीची मुळी घेतली, फडक्यात बांधली आन घोडेगावच्या स्टँडवं येऊन बसले. घरी सांगितलं माहेरी चालले.

दोन दिस बसले, भावजी. मुंबईची गाडी आली की उठायचे. कंडाक्टरला इचारायचे, तिथं बाईला राती टेकायला कुठं जागा घावंल का? एक हसला. एक म्हनला, बाई, मुंबईत गड्याला जागा न्हाई. ह्यांच्या खोलीच्या दाराशी बसले असते, पर ह्यांना लाज वाटंल, बायकू आली म्हनून. दुसऱ्या दिवशी सांजच्याला एक डायवर दिसला, जरा वयस्क व्हता. त्याच्या हातात मुळी दिली. म्हनलं, दाणाबंदरात करंजदऱ्याची खोली हाय, तिथं द्या. नाव सांगायचं मला सुचलं न्हाई. तो व्हय म्हनला आन गेला. मी परत आले.

ह्यांना मी कधी सांगितलं न्हाई. सांगितलं तर इचारलं असतं, स्टँडवं का बसलीस. आन मलाबी इचारता आलं न्हाई, मुळी मिळाली का. बेचाळीस वरसं झाली. अजून गाडीचा भोंगा वाजला की वाटतं, दिली का न्हाई त्यानं.

ती साळुबाई व्हती हे मला तवा ठावं आसतं तर मी गाडीत बसले आसते.

आता मला यायचंय. दवाखाना न्हाई, काम न्हाई. नुसतं बघायचंय ती खोली, जितं हे वीस वरसं ऱ्हायले. एक रात ऱ्हाईन. आन तुमाला ठावं आसंल तर तेवढं सांगा, मुळी पोचली का.

चिमाबाई

*

दाणाबंदर
मंगळवार, २६ डिसेंबर

चिमावहिनी,

पोचली होती.

एक खाकी कपड्यातला माणूस दुपारी दाराशी आला, फडक्याची पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, आजाऱ्याला उगाळून द्या. गाडीची वेळ झाली म्हणून तो जिना उतरून गेला. कोणी दिली, हे मी विचारलं नाही. आम्ही आपसांत ठरवून टाकलं की गावच्या वैदूनं धाडली असणार. मीच सहाणेवर उगाळून नऊ दिवस पाजली. दहाव्या दिवशी हौशीरामनं भाकरी मागितली. डॉक्टरच्या सुया चालू होत्या, त्यामुळं गुण कशाचा ते मला सांगता येणार नाही. पण ओकारी न होता पोटात राहिली ती पहिली वस्तू तुमची मुळी होती. पुढच्या खेपेला गावी आलो तेव्हा मी वैदूला नारळ आणि धोतरजोडी दिली. त्यानंही घेतली.

फडकं हिरवं होतं, काठाला लाल दोरा. तुमच्या लुगड्याचं असेल.

शनिवारी या. हौशीरामला बरोबर आणा, त्याला हे तुमच्या तोंडून ऐकू दे. गोकुळ स्टँडवर उभा राहील. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातल्या वळकट्या आज आम्ही उचलल्या आहेत. भिंतीला चुना लावायचं चाललं होतं, ते मी थांबवलंय.

सावळाराम